कुळागरात नादाचं मांडणशिल्प उभं करायचं तर

२०१६ साली पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव सुरू झाला, तेव्हापासून हात लावला की वाजणारी, जवळ गेलं की उजळणारी मांडणशिल्पं (इन्स्टॉलेशन) गोव्यातल्या सामान्य माणसाच्याही पाहण्यात येऊ लागली. त्यातली बरीचशी बंद दालनात मांडलेली असतात. तिथे अंधार करता येतो, भिंतीवर वायर ठोकता येते, दार लावलं की बाहेरचा आवाज थांबतो. फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतल्या मुलांना जेव्हा वाटतं की हेच आपल्या कुळागरात, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या पोफळी-माडांच्या बागेत, करावं, तेव्हा यातली एकही सोय हाताशी नसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. थोडं इलेक्ट्रॉनिक्स येतं, थोडी संगीताची आवड आहे आणि घरची किंवा ओळखीतली बाग आहे, एवढं पुरेसं धरून लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. कुळागर मुळात गप्प नसतं. पाटाचं पाणी, पोफळींच्या शेंड्यातला वारा, रातकिडे, बेडूक, शेकरूची कटकट, धनेशाच्या पंखांचा आवाज हे सगळं तिथे आधीपासून वाजत असतं. त्यावर स्पीकर लावून आणखी एक मैफल चढवली, तर ते मांडणशिल्प राहत नाही, लाऊडस्पीकर होतो. जागेने जेवढी फट मोकळी ठेवली आहे तेवढीच आपण भरायची आणि माणूस नसेल तेव्हा आपलं काम पूर्ण गप्प राहील अशी व्यवस्था करायची. तंत्रज्ञान नेमकं ह्या शिस्तीसाठी वापरायचं आहे.

पायरी १: वायर आणण्याआधी जागा ऐका

कागदावर आराखडा काढण्याआधी त्या जागी जाऊन ध्वनिमुद्रण करा. पहाट, भर दुपार, तिन्हीसांज आणि रात्रीचे नऊ, अशा चार वेळा दहा-दहा मिनिटं. साधा हातातला रेकॉर्डर चालतो, चांगला मोबाइलही चालतो. वाऱ्याच्या धडधडीसाठी माइकवर लोकरीची टोपी हवीच. मुद्रणाची पातळी अशी ठेवा की सर्वात मोठा आवाजही रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही. पाट सोडलेला असताना एकदा आणि बंद असताना एकदा, हे विसरू नका. त्यासाठी मालकाला आधी विचारावं लागतं: "काका, पाट कुठल्या वारी सोडता?" बहुतेक कुळागरांत ह्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं आणि पुढे ते आपल्या रचनेचंही वेळापत्रक होतं.

मग ते मुद्रण ऑडेसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम पाहा. आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष वारंवारितेचा, आणि जिथे आवाज जास्त तिथे रंग उजळ. वाहतं पाणी मधल्या पट्ट्यात पसरलेल्या धुक्यासारखं दिसतं. सिकाडा आणि रातकिडे साधारण ४ किलोहर्ट्झच्या वर घट्ट आडव्या रेघा काढतात आणि संध्याकाळी तो पट्टा जवळजवळ भरून जातो. पक्षी त्याच्या खालच्या भागात तुटक रेघोट्या ओढतात. खाली, २०० ते ३०० हर्ट्झच्या आत, बेडूक आणि दूरच्या रस्त्यावरचे ट्रक सोडले तर बऱ्याचदा मोकळं असतं. ही मोकळी जागा म्हणजे आपली जागा. योगायोग असा की घुमट या मातीच्या तालवाद्याचा खर्ज नेमका तिथेच बसतो. म्हणून गोव्याच्या कुळागरासाठी घुमट हे वाद्य मला सर्वात योग्य वाटतं. ते २०१९ साली गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं, हे कारण त्याच्या नंतर येतं.

पायरी २: परवानग्या आणि काही ठाम नकार

जमीन कुणाची, हे आधी बघा. भाटकाराची (जमीनमालकाची), कुळाची, देवस्थानची, की कोमुनिदादची (गावाच्या सामाईक मालकीची)? तोंडी होकार मिळाला तरी दोन ओळींचं पत्र करून ठेवा: किती दिवस, कुठल्या भागात, किती माणसं येणार, काय खणणार, काय काढून नेणार. पंचायतीलाही कळवा.

आवाजाचे नियम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहेत. मोकळ्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर चालत नाही, इतर वेळी लेखी परवानगी लागते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपलं काम ह्याच्या बरंच खाली राहायला हवं. मांडणीपासून दहा मीटरवर साध्या आवाजात बोलता आलं नाही, तर काम मोठं झालं आहे असं समजा. इस्पितळ, शाळा आणि न्यायालय यांच्यापासून १०० मीटरचा टापू शांतता क्षेत्र असतो, तिकडे वळूच नका.

काही जागांना मी सरळ नाही म्हणेन. देवराई नको. धालोचा मांड, म्हणजे बायका धालोची गाणी म्हणत नाचतात ते अंगण, नको, तो वर्षातून काही रात्रीच जागत असला तरी. अभयारण्य नको. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात आणि त्यांचा हंगाम नेमका आपल्या कोरड्या हंगामातच येतो. तिथे दिवा आणि आवाज दोन्ही नको. पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज त्याच जागी परत वाजवू नका. दुसरा नर आपल्या हद्दीत आला असं समजून पक्षी घरटं सोडून धावत येतो आणि त्याची ताकद वाया जाते. ऐकणाऱ्यांना ते सुंदर वाटतं म्हणून हा मोह फार होतो. मोह टाळा.

कुळागराला पर्याय म्हणून खाजन शेतातल्या (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीचाही, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारांचाही, विचार करता येईल. तिथे दिवसातून दोन वेळा भरती-ओहोटी येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे रोजची रचना आपोआप वेगळी. पण खाऱ्या हवेत इलेक्ट्रॉनिक्स टिकवणं हे वेगळंच काम आहे. पहिलं काम गोड्या पाण्याच्या बागेत करा.

पायरी ३: एका वाक्यात काम सांगता आलं पाहिजे

"माणूस झाडाला हात लावतो, मडक्याचं तोंड झाकतो, आणि पाटात पाणी असेल तर सगळ्याचा सूर बदलतो." माझ्या उदाहरणाचं वाक्य हे. तुमचं वेगळं असेल, पण एकच असू द्या.

ह्या वाक्यात दोन वेग आहेत, ते नीट वेगळे ठेवा. हाताचा वेग जलद असतो. स्पर्श झाला की लगेच काहीतरी घडलं पाहिजे, नाहीतर माणसाला आपण केलं की आपोआप झालं हेच कळत नाही. पाणी, उजेड, जमिनीतली ओल यांचा वेग संथ असतो, अर्धा तास किंवा एक दिवस. जलद गोष्टीने एखादा नाद सुरू होतो, संथ गोष्टीने त्या नादाचा स्वभाव ठरतो. सकाळी आलेला माणूस संध्याकाळी परत आला तर तेच पान त्याला वेगळं उत्तर देईल. फक्त जलद प्रतिसाद ठेवलेल्या कामांना लोक मिनिटभर बटणं दाबल्यासारखे हात लावतात आणि निघून जातात.

पायरी ४: झाडाचा स्पर्श वाचणं

यासाठी एमपीआर१२१ ही चिप घ्या. एका चिपला १२ स्पर्शबिंदू जोडता येतात आणि एकाच तारजोडीवर अशा चार चिपा चालतात. तिच्यासोबत ईएसपी३२ हा सेन्सर वाचणारा छोटा बोर्ड. दोन्ही पणजीत मिळाले नाहीत तरी ऑनलाइन सहज मिळतात आणि दोन्ही मिळून हजार रुपयांच्या आत बसतात.

झाडात पाणी असतं, म्हणून ते बऱ्यापैकी विद्युतवाहक असतं. माणसाने पानाला हात लावला की त्याच्या शरीराची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) त्या साखळीत मिळते आणि चिपला बदल कळतो. झाडाला टोचायची अजिबात गरज नाही. केळीच्या बुंध्याभोवती तांब्याची चिकटपट्टी सैल गुंडाळा किंवा कुंडीतलं झाड असेल तर स्टीलची सळई मातीत खोवा. बोर्ड झाडापासून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, कारण तार लांब झाली की तारच स्पर्श ओळखायला लागते आणि झाडाचा अर्थ उरत नाही.

झाड निवडताना हंगाम बघा. हळदीचं पान दिसायला सुरेख, पण डिसेंबर-जानेवारीत हळद वाळायला लागते आणि सुकलेलं पान काही वाहून नेत नाही. अननसाचं पान काटेरी, लोक हात मागे घेतात. केळ, पानवेल आणि मिरवेल ही तीन चांगली. मिरवेलीवर घोस असतील तर वरच्या बाजूला हात जाणार नाही अशी वाट आखा, मालकाचं ते पीक आहे.

संध्याकाळी दंव पडलं की वाचनं हळूहळू सरकतात. म्हणून आकड्याकडे न बघता मूळ पातळीपासूनच्या फरकाकडे बघायचं. एमपीआर१२१ ही मूळ पातळी स्वतःच सावकाश जुळवून घेते. तिला ते करू द्या. प्रोग्रॅममध्ये दोन उंबरठे ठेवा: स्पर्श सुरू झाला असं मानायला वरचा, संपला असं मानायला खालचा. एकच उंबरठा ठेवला तर वाऱ्याने हलणारं पान दर सेकंदाला 'लागलं, सुटलं, लागलं' असं सांगत राहतं.

इथे एक प्रामाणिकपणाचा मुद्दा आहे. झाडाला तारा जोडून 'झाडाचं संगीत' ऐकवणारी यंत्रं मिळतात. ती पानाच्या विद्युतवाहकतेतले बदल मोजतात आणि ते बदल खरेच असतात. पण कुठला स्वर वाजायचा, कुठल्या रागाची चौकट, कुठलं वाद्य, हे सगळं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं. येणाऱ्या माणसाला हे साध्या शब्दांत सांगा. झाड गातं असं सांगून टाळ्या मिळतात, पण शाळेतली मुलं ते खरं मानून घरी जातात.

पायरी ५: पाटाचं पाणी

पाटावर आडवी लाकडी पट्टी टाकून तिच्याखाली पाण्यापासून बचाव असलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर, जेएसएन-एसआर०४टी, लावा. तो पृष्ठभागापर्यंतचं अंतर सांगतो. त्याला जवळचं दिसत नाही, म्हणून पाण्याच्या सर्वात वरच्या पातळीपासून किमान ३० सेंटिमीटर उंच धरा. मिनिटाला एक वाचन पुष्कळ झालं. वाचनं गुळगुळीत करण्याचं सूत्र सोपं आहे: नवीन किंमत म्हणजे जुनी किंमत अधिक फरकाचा विसावा भाग.

पाण्याचा स्वतःचा आवाज हवा असेल तर २७ मिलिमीटरची पिएझो चकती (थरथरीचा विजेचा संकेत करणारी) घ्या, तिला शिल्डेड वायर जोडा, वरून इपॉक्सीचा किंवा पातळ रबराचा पूर्ण लेप द्या आणि पाटाच्या दगडाच्या फटीत सोडा. आत खडे घरंगळतात, पानं घासत जातात, बुडबुडे फुटतात. हे सगळं काठावर उभ्या माणसाला ऐकू येत नाही. पिएझोला जास्त इम्पीडन्सचा (विजेला जास्त विरोध करणारा) प्रीअँप, म्हणजे मंद संकेत मोठा करणारा भाग, लागतो. थेट साध्या साउंडकार्डला जोडला तर खर्ज गळून जातो आणि आवाज पत्र्यासारखा येतो.

पायरी ६: मडकं, म्हणजे कामाचा गाभा

घुमटाची रचना आठवा. मातीचं भांडं, दोन्ही बाजूंना उघडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड मोकळं. वादक एका हाताने कातड्यावर थाप मारतो आणि दुसऱ्या हाताने लहान तोंड झाकतो-उघडतो, त्यातून नाद वळतो. पूर्वी हे कातडं घोरपडीचं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बेकायदा आहे आणि आता बकऱ्याचं कातडं वापरतात. कुणी जुनं घोरपडीचं घुमट आणून देऊ केलं तर कामात घेऊ नका.

आपल्या कामात कातड्याच्या जागी स्पीकर येतो, बाकी सगळं तसंच. डिचोलीत कुंभारकामाची परंपरा आहे, तिथे जाऊन घुमटाच्या घाटाची, साधारण दहा लिटरची मडकी सांगून करून घ्या. मोठं तोंड तीन किंवा चार इंची स्पीकर बसेल एवढं, लहान तोंड तळहाताने पूर्ण झाकेल एवढं, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या आत-बाहेर. भाजल्यावर माती आकसते, त्यामुळे स्पीकरचं माप सांगताना थोडं सैल सांगा आणि कडेला रबराची पट्टी लावून फट भरा. हवा गळली तर नाद मरतो.

अशा मडक्याचा स्वतःचा सूर असतो. दहा लिटर पोट, दहा सेंटिमीटर तोंड आणि पाच सेंटिमीटर मान धरली तर हिशेबाने तो १४० हर्ट्झच्या आसपास येतो. प्रत्यक्षात प्रत्येक मडकं वेगळं निघतं आणि तेच हवं आहे. मोबाइलवर टोन जनरेटर उघडा, स्पीकरला जोडा, ८० हर्ट्झपासून सावकाश वर चढत जा. एका ठिकाणी मडकं अचानक भरून वाजायला लागतं, हात ठेवला तर मातीत थरथर जाणवते. तो आकडा खडूने मडक्यावर लिहा. सगळ्या मडक्यांचे आकडे मिळाले की कुठलं कुठे टांगायचं हे कानांनी ठरवा.

आता लहान तोंडावर तळहात हळूहळू सरकवा. तोंड अरुंद होत जातं तसा सूर खाली उतरतो आणि पूर्ण झाकलं की नाद दबून जातो. ह्यात कुठलाही सेन्सर नाही, प्रोग्रॅम नाही. हवा आणि माती हे काम करतात. लहान मुलाला दोन सेकंदांत कळतं, आणि घुमट वाजवणाऱ्या माणसाचा हात तिथे आपोआप जातो. संवादी कलेत इतका स्वच्छ संवाद विजेच्या उपकरणांतून क्वचितच मिळतो, म्हणून पैसे कमी असतील तर बाकी सगळं कापा, मडकी ठेवा.

हात आला आहे हे संगणकालाही कळायला हवं असेल तर तोंडाच्या कडेला आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती एमपीआर१२१ ला जोडा. प्रकाशाचा सेन्सर दिवसा चालतो, संध्याकाळी त्याचा उपयोग नाही.

मडकी काथ्याच्या दोरीने आडवी टांगा, छातीच्या उंचीवर, मुलांसाठी दोन-तीन कमरेच्या उंचीवर. पोफळीला खिळा मारायचा नाही. दोरीखाली गोणपाटाचा तुकडा ठेवा.

पायरी ७: आवाज कुठून आणायचे

गावातल्या घुमट पथकाकडे जा. मानधन आधी बोला आणि नाव कुठे कसं लागणार तेही. त्यांना आरती किंवा सुंवारी (घुमटवादनाचा एक ठरलेला प्रकार) सलग वाजवायला सांगून तिचे तुकडे करू नका. आरती ही आरती आहे, ती कुणाच्या हाताच्या झटक्याने मध्येच सुरू-बंद व्हावी अशी गोष्ट नाही. सुटे ठोके मागा: उघडा, दाबलेला, कडेचा, बोटाचा, तोंड झाकून मारलेला. प्रत्येक ठोका हलका, मध्यम, जोरकस असा दहा-बारा वेळा. तोच ठोका पुन्हा पुन्हा वाजला की कान लगेच ओळखतो; वेगवेगळे असतील तर जिवंत वाटतं. शामेळाचे (काठ्यांनी वाजवायच्या तालवाद्याचे) आणि कासाळ्याचे (झांजेचे) ठोकेही घ्या, पण कासाळं उंच पट्टीत रातकिड्यांशी भांडतं, त्यामुळे दुपारपुरतंच ठेवा.

घुमटाच्या ठोक्यांची पट्टी मडक्याच्या आकड्याजवळ आणा. मग छोटा स्पीकरही मोठा वाजतो, कारण अर्धं काम मडकं करतं.

पायरी ८: संगणक आणि प्रोग्रॅम

रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आणि त्यावर प्युअर डेटा हे मोफत सॉफ्टवेअर, एवढ्यावर हे सगळं चालतं. प्युअर डेटात ओळी लिहायच्या नसतात, चौकोन तारांनी जोडायचे असतात. संगीतवाल्यांना ते लवकर जमतं. आठ वाटांचा आवाज हवा असेल तर यूएसबीवर चालणारं ७.१ साउंडकार्ड स्वस्तात मिळतं. आवाजाचा दर ४८ किलोहर्ट्झ आणि बफर (एका वेळी हाताळायचे आवाजाचे नमुने) २५६ ठेवला तर त्या टप्प्यावर पाच मिलिसेकंदांच्या आसपासच उशीर होतो.

इथे एक निर्णय महत्त्वाचा. ईएसपी३२ कडून रास्पबेरी पायपर्यंत माहिती वाय-फायने ओएससी या, संगीताच्या यंत्रांत निरोप पाठवायच्या, पद्धतीने पाठवता येते, पण वाय-फाय मध्येच अडखळतं आणि कधी कधी शंभर मिलिसेकंद किंवा जास्त उशीर करतं. पाण्याची पातळी, उजेड, ओल यांना त्याने फरक पडत नाही. स्पर्शाला पडतो. ठोका आणि नाद यांच्यात वीस-तीस मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडलं की हाताला ते कळतं. म्हणून संथ गोष्टी वाय-फायवर, जलद गोष्टी तारेवर. ईएसपी३२ वर वाय-फाय चालू असताना एडीसी२ च्या (ॲनालॉग वाचनाच्या दुसऱ्या गटाच्या) पिनांवर वाचन मिळत नाही. तिथला सेन्सर ३२ ते ३९ या पिनांवर न्या. ह्यात मुलांचे दिवस जातात, म्हणून सांगितलं.

प्रोग्रॅममध्ये गप्प राहण्याचा नियम सर्वात आधी लिहा. दोन मिनिटं कुठलाही स्पर्श आला नाही की पातळी चाळीस सेकंदांत सावकाश शून्यावर. जागेवर एक साधा माइक ठेवा आणि आसपासचा आवाज वाढला तर आपला आवाज कमी करा. बाजारातली यंत्रं उलटं करतात, गोंगाट वाढला की ती आणखी मोठी होतात. आणि सूर्यास्ताच्या सुमारास पक्षी परतत असताना वीस मिनिटं काम पूर्ण बंद. त्या वेळी लोकांना तिथेच बसवून ठेवा, ते उठत नाहीत.

पायरी ९: वीज

२३० व्होल्ट बागेत आणू नका. पाण्याचे पाट, ओली माती, अनवाणी मुलं. घरातून वीज घ्यावीच लागली तर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) लावून ती घराशीच १२ व्होल्ट करा. त्याहून बरं म्हणजे १२.८ व्होल्ट, २० अँपियर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. तिच्यात सुमारे २५० वॉट-अवर असतात. रास्पबेरी पाय, छोटे अँप्लिफायर आणि पाच-सहा बोर्ड मिळून १५ ते १८ वॉट धरले, तर पाच तासांची संध्याकाळ ९० वॉट-अवरमध्ये निघते आणि बॅटरी अर्ध्यावरही येत नाही.

५ व्होल्ट लांब नेऊ नका. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरने ३० मीटरवर अर्धा अँपियर नेला तर जाऊन-येऊन एक व्होल्ट वाटेतच जातो आणि बोर्ड सारखे रीसेट होतात. १२ व्होल्ट न्या आणि प्रत्येक खोक्यात बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणाऱ्या भागाने) ५ करा. बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज हवा.

एका मोठ्या स्पीकरपेक्षा सहा-आठ लहान बरे. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो, त्यामुळे लहान स्पीकर जवळच्यालाच ऐकू येतो आणि शेजारच्या वाड्याला नाही.

पायरी १०: ओल, मुंग्या, माकडं, नारळ

कामाचा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नको: ओल तर आहेच, शिवाय कोळेरोगासाठी पोफळींवर बोर्डो मिश्रणाची फवारणी चालते.

खोकी आयपी६५ दर्जाची (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न येऊ देणारी) घ्या, तारा ग्लँडमधूनच (तारेभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातूनच) आत न्या. तार आत शिरण्याआधी तिला खाली झोका द्या, म्हणजे दंवाचं पाणी तारेवरून ओघळून जमिनीवर पडेल, खोक्यात जाणार नाही. सिलिका जेलच्या पुड्या दर आठवड्याला बदला. उरलेलं प्रत्येक भोक जाळीने बंद करा, नाहीतर मुंग्या अंडी घेऊन राहायला येतात.

माकडांना लोंबती तार दिसली की ती ओढायचीच असते. तारा पीव्हीसी नळीतून, पाटाच्या बांधाच्या कडेने न्या, आणि कुठे नळी जाते ते मालकाला दाखवा, म्हणजे कुदळ पडणार नाही.

वाट माडाखालून काढू नका. पाडेली येऊन नारळ पाडून गेला असेल तरी झावळ पडतेच. पोफळींमधून वाट न्या, आणि वारा वाढला की काम बंद ठेवा. शेवाळलेल्या पायऱ्या तारेच्या ब्रशने घासून घ्या.

दिवे गुडघ्याच्या उंचीवर, खाली वळवलेले, पिवळसर आणि मंद, माणूस जवळ आला तरच लागणारे. मे-जूनमध्ये काजव्यांच्या दिवसांत एकही दिवा नको. काजवे उजेडानेच जोडीदार शोधतात आणि आपला दिवा त्यांचा संकेत पुसून टाकतो.

पायरी ११: माणसं आणायच्या आधी

घरच्या मोठ्या बाईला, शेजारच्या पोराला आणि ज्याला ह्यातलं काही माहीत नाही अशा एखाद्या माणसाला आत सोडा. काहीच सांगू नका. हात आधी कुठे जातो, कुठे थांबतो, कुठे वैतागतो ते लिहून घ्या. सूचनांची पाटी लावावीशी वाटली तर बहुधा मडक्याची उंची चुकली आहे किंवा उत्तर उशिरा येतं आहे. ते दुरुस्त करा, पाटी नको.

एका वेळी सहा ते आठ जण. आत शिरताना पहिली दोन मिनिटं कुणी कशाला हात लावायचा नाही, एवढीच विनंती. कान जागेला सरावतात आणि मग मडक्यातला खर्ज पाटाच्या आवाजाखालून वर आलेला कळतो. दृष्टिहीन माणसांसाठी हे काम विशेष चांगलं ठरतं. त्यांच्यासाठी वाटेच्या एका बाजूला कमरेच्या उंचीवर काथ्याची दोरी ताणा.

पायरी १२: उतरवणं

लावताना प्रत्येक वायरबंद, क्लिप, पट्टी मोजून वहीत लिहिलेली असेल तरच उतरवताना हिशेब लागतो. बुंध्याभोवतीच्या तांब्याच्या पट्ट्या त्याच दिवशी काढा. केळीवर राहिलेली पट्टी महिन्याभरात बुंध्यात रुतते. बॅटरी अर्धी भरून कोरड्या जागी ठेवा, बोर्ड हवाबंद डब्यात सिलिका जेलसह. स्पीकर काढलेली मडकी मालकाला हवी असतील तर द्या, किंवा घुमट पथकाला विचारा. घाट नीट उतरला असेल तर ती बकऱ्याचं कातडं चढवून वाजवता येतात. जमलेल्या पैशांतून पथकाचं उरलेलं मानधन सामान टेंपोत चढवण्याआधी हातात द्या.